उद्देश

खोली नंबर चार. जमीन एका अंगाला कललेली,
इतकी, की सुटं नाणं ठेवलं तर
आपणहून खिडकीकडे निघतं.
मिसेस पेलिंग म्हणाल्या, जुनी सवय आहे हो तिला.
हे त्या सगळ्यांनाच सांगत असणार,
पण मला पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगितलं.
ते कसब मी ओळखतो.

एकतीस वर्षं मिरजेत, स्टेशनसमोर,
कृष्णा लॉजच्या काउंटरमागे मी किल्ल्या दिल्या.
मिशन हॉस्पिटलात माणूस ठेवून आलेल्यांना,
द्राक्षांवरची औषधं विकणाऱ्यांना,
आडनाव लिहिताना अडखळणाऱ्या जोडप्यांना.
गरम पाणी सकाळी सहा ते आठ.
स्वतः मात्र कधी लॉजवर उतरलो नाही.
जाईन तिथे साडू होता, मावसभाऊ होता,
नाहीतर फलाट.

हे बुकिंग नीलाक्षीचं. हेस्टिंग्जच्या दवाखान्यात तिची रात्रपाळी.
बाबा, एक रात्र तरी पाहुणे व्हा.

तर विंचेल्सी.
जुनं गाव समुद्रानं गिळलं,
म्हणून राजानं टेकडीवर नवं आखून दिलं.
मग समुद्रच रुसून मागे सरला.
नवं म्हणजे सातशे वर्षांपूर्वीचं.
हॉटेलचं नाव ओल्ड अँकर,
आणि खिडकीखाली कुरण, मेंढरं,
नांगर बुडेल एवढंही पाणी नाही.
हवा स्वच्छ असली की फ्रान्स दिसतो म्हणे.
मी दोनदा पाहिलं. एक ढग दिसला,
त्यालाच फ्रान्स धरून चाललो.

रजिस्टरात इथे दोनच रकाने: नाव, अभिप्राय.
कोठून आलात, कोठे जाणार, येण्याचा उद्देश,
कुणी काही विचारत नाही.
मला जरा उघड्यावर पडल्यासारखं झालं.
आमच्याकडे उद्देशाखाली सगळे लिहायचे, खाजगी.
एका बाईनं तेवढं लिहिलं होतं, वाट पाहणे.
तिच्या शेवटच्या तीन दिवसांचं बिल
मी कधी फाडलंच नाही. मालकांना अजून पत्ता नाही.

रात्री गादी फार मऊ. तुळया कुरकुरत होत्या.
पावणेदोनला खाली दारावर थाप पडली
आणि शर्ट अंगात कधी चढला कळलं नाही.
जिना. तिसरी पायरी आखूड.
कडी काढली. दारात सायकल,
सायकलला धरून एक निथळता पोरगा,
चष्म्यावर पाणी, तोंडात सॉरी, सॉरी.
आत ये आधी, मी म्हणालो. मराठीतच.
आला.

काउंटरमागे फळीवर पितळी किल्ल्या,
प्रत्येकीला लाकडाचा छोटा नांगर.
सहा नंबर रिकामी आहे
हे मी संध्याकाळीच पाहून ठेवलं होतं,
नाही म्हटलं तरी नजर जातेच.
टॉवेल जिन्याखालच्या कपाटात.
कुणी सांगितलं नव्हतं.
जिन्याखालीच असतात.

पोरगा वर गेला. मागे ओल्या पावलांची रांग,
तीही खिडकीकडे कललेली.
मग मिसेस पेलिंग आल्या, केसांना जाळी,
कानातलं यंत्र वरच राहिलेलं.
मी भलत्याच बाजूला उभा होतो, हातात किल्ल्यांचं कडं,
काय सांगणार, आणि त्यांना ऐकू तरी काय येणार.
त्यांनी ओली फरशी पाहिली, रिकामा सहाचा खिळा पाहिला,
किटली लावली,
आणि काउंटरच्या पलीकडे, पाहुण्यांच्या स्टुलावर
जाऊन बसल्या.
स्टूल त्यांना उंच पडत होतं.
तिथून आपलंच हॉटेल बघत राहिल्या बराच वेळ.
मी चहा पुढे केला.

सकाळी अभिप्रायाखाली काय लिहावं सुचेना.
शेवटी लिहिलं, खाजगी.
म्हणजे काय, त्यांनी विचारलं, आता यंत्र लावून.
म्हटलं, चहा चांगला होता.